उतरवून घेणे

जावातल्या घाटरस्त्यांवर उतार सुरू होण्याआधी पाटी दिसते : 'तुरुनान'. 'तुरुन' म्हणजे उतरणे आणि त्यापासून झालेला 'तुरुनान' म्हणजे उतार. इंडोनेशियन कोश उघडला तर याच शब्दापुढे आणखी दोन अर्थ सापडतात. एक, वंशज. दुसरा, कागदाची नक्कल, प्रत. उतार, लेकरू आणि नक्कल या तिन्हींना एकच शब्द. परक्या माणसाला हे कोडं वाटेल, मराठी माणसाला वाटू नये. आपणही रस्त्याला उतार म्हणतो, तलाठ्याकडून सातबाराचा उतारा आणतो, फळ्यावरचं वहीत उतरवून घेतो आणि दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं दिलं की त्याला अवतरण म्हणतो. अवतरणाच्या घराला लागूनच अवताराचं घर आहे. म्हणजे वरच्याचं खाली येणं, आधीच्याचं नंतरच्यात येणं आणि एका कागदावरचं दुसऱ्या कागदावर येणं, ही सगळी एकच हालचाल आहे हे आपल्या भाषेलाही ठाऊक आहे.

बाली आणि जावा इथल्या नाचगाण्याच्या जुन्या तबकड्या, फिती, पोथ्या कशा जपल्या गेल्या, यातले शब्द गोळा करायला मी बसलो आणि या 'तुरुनान'पाशी थांबलो. जपणूक म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुठल्याही शब्दाने इतक्या नेमकेपणाने सांगितलेलं नाही.

तिथली जपणुकीची सर्वांत जुनी रीत उतरवून घेण्याचीच आहे. ताडपत्राच्या पोथीला तिथे 'लोन्तार' म्हणतात. मूळ शब्द 'रोन्ताल' : 'रोन' हे जावानीज पान आणि 'ताल' हा संस्कृतातला ताड. बोलता बोलता र आणि ल यांनी जागा बदलल्या. लिहिणारा 'पेंगरुपाक' नावाच्या छोट्या सुरीच्या टोकाने पानावर अक्षरं कोरतो. कोरताना ती जवळजवळ दिसतच नाहीत, पानाच्याच रंगाचे ओरखडे ते. मग केमिरीचं तेलकट बी जाळून काजळी करतात, ती पानावर चोळतात आणि फडक्याने पुसून काढतात. वरची काजळी निघून जाते, खाचेतली राहते आणि आत्तापर्यंत कोरं वाटणारं पान एकदम काळ्याभोर ओळींनी भरून येतं. आपल्या 'लिहिणे'चा धातू 'लिख्' आणि त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, खरवडणे. शाई फार नंतर आली. बालीतला लोन्तार लिहिणारा आजही धातूच्या मूळ अर्थाने लिहितो.

पण दमट हवेत पानाला कसर लागते, ते तुटतं. म्हणून त्याची प्रत करायची, त्या प्रतीची पुन्हा प्रत. उत्तर बालीतल्या सिंगराजा इथे 1928 साली 'गेदोंग किर्त्या' हा लोन्तारसंग्रह स्थापन झाला, त्यातलं पुष्कळसं धन असं उतरवून घेतलेलंच आहे. शिवाय उतरवणं कागदावर किंवा पानावर संपत नाही. बालीत पोथी मनातल्या मनात वाचत नाहीत. मंडळी जमतात, एकजण पद्य गातो, दुसरा त्याचा अर्थ चालू भाषेत सांगतो. अशा मंडळाला 'पेसांतियान' म्हणतात, आणि या लांबलचक शब्दाच्या पोटात आपला 'शांती' बसलेला आहे. पोथी गळ्यात उतरली तरच ती जपली असं मानणारी ही रीत आहे.

1928 हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं. गेदोंग किर्त्या सुरू झालं त्याच वर्षी ओडिऑन आणि बेका या जर्मन छापांच्या कंपनीची माणसं बालीत आली आणि त्यांनी तिथल्या वादकांचं, गायकांचं ध्वनिमुद्रण केलं. एका बाजूला पानावर ओरखडे, दुसऱ्या बाजूला मेणावर. ग्रामोफोनच्या तबकडीची खाच हीसुद्धा, अगदी व्युत्पत्तीच्या अर्थाने, लेखच आहे. त्या खाचेतून सुई फिरते तेव्हा ती लेखच वाचत असते. इंडोनेशियन भाषेत अशा तबकडीला 'पिरिंगान हितम' म्हणतात. 'पिरिंग' म्हणजे ताटली, बशी. 'हितम' म्हणजे काळा. काळी ताटली. आणि आपली तबकडी? तिच्यात अरबीतून आलेलं 'तबक' आहे, तेही ताटच. दोन समुद्रांपलीकडच्या दोन भाषांनी एक नवी वस्तू हातात घेतली आणि दोघींनाही आधी स्वयंपाकघर आठवलं. अशा जुळणीने मला मनापासून आनंद होतो. यात कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही, फक्त दोघींची नजर सारखी आहे.

या तबकड्यांवर तेव्हाचं अगदी ताजं संगीत आहे. 1914-15च्या सुमारास उत्तर बालीतल्या बुलेलेंग भागात 'केब्यार' ही नवी वादनशैली जन्मली होती. सगळा वाद्यमेळ एका क्षणात एकत्र कडाडतो अशी तिची सुरुवात. 'ब्यार' हा अनुकरणवाचक शब्द आहे, पण आवाजाचा नव्हे, उजेडाचा. अंधारात एकदम दिवा लागावा तसं ब्यार. उजेडाला आवाज देणाऱ्या भाषांतली मराठीही एक आहे. आपल्याकडे ऊन लख्ख पडतं, वीज लख्खकन चमकते, दिवे लखलखतात. 'केब्यार' मराठीत सांगायचं तर 'लख्ख'पासून सुरुवात करावी लागेल. तिथल्या वाद्यमेळाला 'गामेलान' म्हणतात, त्या शब्दाचं मात्र सरळ आहे. जावानीज 'गामेल' म्हणजे हातोडीने ठोकणे, हाताळणे. कांस्याच्या पट्ट्या आणि घंटा ठोकून वाजवायच्या, म्हणून गामेलान.

तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं मावायची. अर्धा-पाऊण तास चालणारी रचना तीन मिनिटांत बसवताना वादकांनी काय काय सोडलं असेल, हा विचार त्या ऐकताना सुटत नाही. आणि इतकं करून त्या खपल्या नाहीत, कारण बालीत ग्रामोफोन होते कुणाकडे! कॅनडात जन्मलेला संगीतकार कॉलिन मॅकफी याने न्यूयॉर्कमध्ये या तबकड्या ऐकल्या आणि त्या आवाजाच्या ओढीने तो 1931 साली बालीला गेला. तिथल्या विक्रेत्याने न खपलेला साठा रागाच्या भरात फोडून टाकला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. उरल्या त्या वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत विखुरल्या. पुढे एडवर्ड हर्बस्ट या अमेरिकन संशोधकाने अनेक वर्षं खपून त्या एकेक करून शोधल्या, बालीतल्या जाणत्यांना सोबत घेऊन त्यांचा अभ्यास केला आणि 'बाली 1928' या नावाने पाच भागांत त्या पुन्हा प्रसिद्ध झाल्या.

यातला मला भावलेला भाग शोधाशोधीचा नाही, त्यानंतरचा आहे. त्या तबकड्या म्हाताऱ्या गायक-वादकांना ऐकवल्या गेल्या. हा आवाज कुणाचा, ही रचना कुठल्या गावची, या ओळीतला हा जुना शब्द काय, हे सांगू शकणारी माणसं तेव्हा थोडीच उरली होती. तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या कागदावर वाद्यमेळाचं नाव, गावाचं नाव, रचनेचं नाव असे तीन-चार शब्द असायचे. त्या शब्दांना धरूनच ओळख पटवत जाता आलं. तो कागद गळून पडला असता तर उरलेला आवाज फार सुंदर असता, पण अनाथ असता. आवाजाच्या संग्रहाला शब्दांचा एवढा आधार लागतो, हे मला या 1928च्या गोष्टीतून कळलं. नंतर बालीतल्या तरुण वादकांनी या मुद्रणांवरून जुन्या रचना पुन्हा बसवल्या. म्हणजे तबकडीतून उतरवून घेतल्या. नक्कल आणि लेकरू यांना एकच शब्द का, ते इथे कळतं.

तबकडीत आवाज होता, चित्र नव्हतं. पुढच्या दहा वर्षांत उलटं झालं. मॅकफीने आणि मेक्सिकन चित्रकार मिगेल कोव्हारुबियास याने बालीतल्या नाचांच्या फिती घेतल्या, पण त्या मुक्या. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञांनी 1936 ते 1939 या काळात बालीत सुमारे 25,000 छायाचित्रं आणि 22,000 फूट फीत टिपली, तीही मुकीच. एकीकडे डोळे नसलेला आवाज, दुसरीकडे आवाज नसलेले डोळे. आपल्याकडे काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भाग शास्त्रकारांनी केले आणि त्यावरून आपण 'दृक्-श्राव्य' हा जोडशब्द घडवला. त्या शब्दातली मधली छोटी आडवी रेघ जोडायला बालीच्या बाबतीत कित्येक दशकं लागली.

जावा आणि बालीच्या स्वतःच्या कलेत मात्र ही फारकत कधीच नव्हती. 'वायांग' घ्या. वायांग म्हणजे सावली. मलाय भाषेतला 'बायांग' त्याचा सख्खा भाऊ. चामड्याच्या कोरीव बाहुल्यांचा खेळ तो 'वायांग कुलित', कारण 'कुलित' म्हणजे कातडं. खेळ करणारा 'दालांग' एकटाच बसतो. तोच बाहुल्या हलवतो, तोच सगळ्यांचे आवाज काढतो, तोच गातो आणि पायाच्या बोटांत किंवा हातात लाकडी ठोकळा धरून वाद्यमेळाला इशारेही तोच देतो. दृश्य आणि श्रव्य एकाच माणसाच्या अंगातून निघतं. बालीच्या खेळात देव आणि वीर 'कावी' बोलतात. ही जुनी काव्यभाषा, तिचं नावच आपल्या 'कवि'वरून. ती प्रेक्षकांना कळत नाही. मग त्वालेन आणि मर्दाह हे सेवक मालकाचं बोलणं तिथल्या तिथे चालू भाषेत सांगतात, त्यात आपली भर घालतात, गंमत करतात. हेही उतरवणंच.

आज या खेळांची चित्रफीत घेतात तेव्हा कॅमेरा बहुतेक वेळा दालांगच्या बाजूला असतो. रंगवलेल्या, सोनेरी बाहुल्या तिथूनच दिसतात, जावात प्रेक्षकही आता बहुतांशी त्याच बाजूला बसतात. फीत छान येते. पण तिच्यात सावली नसते, आणि खेळाचं नाव तर सावली! माझं स्पष्ट मत आहे की संग्रहासाठी मुद्रण करणाऱ्याने दोन्ही बाजूंना कॅमेरा ठेवलाच पाहिजे. नाहीतर शब्द एक आणि फीत दुसरीच, असं होईल. बालीतला 'वायांग लेमाह' मात्र याला अपवाद. 'लेमाह' म्हणजे दिवस. हा खेळ दिवसा होतो, पडदा नाही, दिवा नाही, सावली नाही. दोन फांद्यांमध्ये ताणलेला पांढरा धागा हाच पडदा. समोर कुणी माणूस बसलेला नसला तरी खेळ होतो, कारण तो देवांसाठी आहे.

खेळातल्या कथेला 'लाकोन' म्हणतात. 'लाकु' म्हणजे चालणे, वागणे, त्यावरून 'लाकोन'. जावातला राजा बालितुंग याच्या 907 सालच्या लेखात देवासाठी 'मावायांग' केल्याची, म्हणजे सावल्यांचा खेळ केल्याची नोंद आहे आणि तिथेच 'माचारिता' असाही शब्द आला आहे. तो आपल्या 'चरित'वरून, आणि 'चरित'मधला धातू 'चर्', अर्थ पुन्हा चालणे. आजही मलाय-इंडोनेशियनमध्ये गोष्टीला 'चेरिता'च म्हणतात. देशी शब्द असो की संस्कृतातून आलेला, तिकडे गोष्ट ही चालणारीच. आपल्याकडे तर गाण्यालाही चाल असते. जुन्या अभंगाला नवी चाल लावतात, तेव्हा त्याला आपण नवे पायच देतो.

चालत्या गोष्टीला फितीवर बसवताना अडचण होणारच. कॅसेट आली तेव्हा रात्रभरचा वायांग साधारण आठ कॅसेटींमध्ये मावू लागला. दर अर्ध्या तासाला बाजू बदलायची, ऐन लढाईत खटका पडायचा. तरी लोकांनी त्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या. सर्वांत जास्त गाजला तो दालांग नार्तोसाब्दो. जावानीजमध्ये शेवटचा 'अ' हा 'ओ'सारखा उच्चारतात, म्हणून सुकर्ण हा सुकार्नो होतो. तसाच 'साब्दो' म्हणजे शब्द. जन्मनाव सुनार्तो, आणि पुढे मिळालेल्या नावात शब्द आला. 1985 साली तो गेला. त्याच्या पिढीनंतरच्या कित्येक दालांगांनी त्याच्या कॅसेटी ऐकत ऐकत बोलणं शिकून घेतलं. गुरूच्या घरी न जाता गुरू गळ्यात उतरला.

त्याची पुष्कळ मुद्रणं 'लोकानांता'ने काढली. मध्य जावातल्या सुराकार्ता, म्हणजे सोलो शहरात 29 ऑक्टोबर 1956 रोजी इंडोनेशियाच्या सरकारने हा मुद्रण-कारखाना सुरू केला. आधी तिथे देशभरच्या आकाशवाणी केंद्रांसाठी तबकड्या काढत, पुढे त्या लोकांना विकायलाही लागले. नाव काय सुंदर निवडलं होतं! जावानीज पुराणकथेत लोकानांता म्हणजे देवांचा गामेलान, वाजवणाऱ्याशिवाय आकाशात आपोआप वाजणारा. लोक आणि अनंत हे दोन शब्द आपल्या कानाला लगेच ओळखू येतात. वाजवणारा समोर नसताना वाजणारं संगीत म्हणजे ध्वनिमुद्रणच की. नव्या यंत्राला त्यांनी पुराणातला शब्द दिला, आणि तो यंत्राला शोभला. पुढे तो चालवणारं माहिती मंत्रालय बंद झालं, काम थंडावलं, मूळ फिती जुन्या इमारतीत पडून राहिल्या. 2023 साली ती जागा दुरुस्त करून पुन्हा उघडण्यात आली आहे.

ध्वनिमुद्रणाला इंडोनेशियनमध्ये 'रेकामान' म्हणतात. ऐकून 'रेकॉर्ड'चा अपभ्रंश वाटतो, पण त्याच्या मागे एक जुना मलाय शब्द आहे. 'रेकाम' म्हणजे कापडावरची नक्षी, भरतकाम. तो अरबी 'रक्म'वरून आला, ज्याचा अर्थ खूण, नक्षी, लिहिलेला आकडा. त्याच कुळातून आपल्याकडे 'रक्कम' आली. तिकडे आवाज कापडावरच्या टाक्यांसारखा भरला गेला, इकडे आकडा वहीत मांडला गेला. आपण 'ध्वनिमुद्रण' म्हणालो, म्हणजे आवाजावर मुद्रा उमटवली. बालीत 'मुद्रा' म्हणजे पूजेच्या वेळी पुजाऱ्याच्या बोटांची घडी. स्वीडिश चित्रकार टायरा द क्लीनने 1920च्या दशकात त्या मुद्रांची चित्रं काढून ठेवली, म्हणून तेव्हाच्या त्या मुद्रा आज पाहता येतात.

संग्रहासाठी तिथला रूढ शब्द 'आर्सिप', डच भाषेतून आलेला. पण प्रत्येक संग्रहाचं काम ज्यावर चालतं तो शब्द 'दाफ्तार' : यादी. हे आपलं दप्तर. पेशवे दप्तर, पोराचं शाळेचं दप्तर आणि इंडोनेशियातली यादी ही सगळी एकच. अरबी-फारसीतून मागे गेलं तर हा शब्द ग्रीक 'दिफ्थेरा'पर्यंत पोचतो, आणि त्याचा अर्थ कमावलेलं कातडं. एकेकाळी हिशेब कातड्यावर लिहायचे. वायांगच्या बाहुल्याही कातड्याच्याच. पेटीत नीट रचून ठेवलेल्या त्या बाहुल्या म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने शुद्ध दप्तर आहे!

अशाच एका यादीत जावाचं आणि आपलं नाव एकत्र आलं आहे. 1977 साली व्हॉयेजर अवकाशयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यात जावातल्या योग्यकार्ता इथल्या पाकुआलामान राजवाड्याच्या गामेलानने वाजवलेलं 'पुष्पवर्ण' आहे (तिकडचा उच्चार पुस्पोवार्नो), आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. जावाचं मुद्रण रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाने 1971 साली केलं होतं, आणि केसरबाईंचं नाव आग्रहाने सुचवणाराही तोच. केसरबाईंची ती तबकडी तेव्हा बाजारात मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय माणसाच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. कुणी त्या टाकून दिल्या नव्हत्या, वर नाव शाबूत होतं, म्हणून काम झालं.

तुमच्याही माळ्यावर खोकं असेल. गावच्या दशावताराची, आजोबांच्या भजनीमंडळाची, कुणा शाहिराची, लग्नात आजीने म्हटलेल्या ओव्यांची कॅसेट असेल. फीत बुरशीने चिकटण्याआधी ती उतरवून घ्या. आणि उतरवून घेताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, कुणाचा आवाज, कुठलं गाव, कुठलं साल आणि मधे आलेल्या न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ काय हे विचारा, आणि ते सगळं त्या प्रतीवर ठळक अक्षरात लिहून ठेवा.